माझं गंगाफळ आणि केसरचं

श्रावण लागला की धुळ्याच्या बाजारात गंगाफळांचे ढीग लागतात. लाल भोपळा म्हणा हवं तर. आम्ही खानदेशातली माणसं त्याला गंगाफळ म्हणतो, आणि कानबाईच्या रोटाबरोबर त्याची भाजी नसली तर सणच झाला नाही असं आम्हाला वाटतं. परवा शांताबरोबर बाजारात गेले होते. शांता माझी लेक. तिच्याच घरी राहते मी आता, आणि त्यावरून कोणाला नाक मुरडायचं असेल तर त्यानं खुशाल मुरडावं. तर बाजारात एक विकणारा घसा फोडून ओरडत होता, "देठ देखा, अक्का, देठ! देठ जाड, माल चोख!" आणि चांगली शहाणीसुरती माणसं फळ सोडून देठच दाबून पाहत होती. शांतानंही एक उचललं, देठाला अंगठा लावला आणि म्हणाली, "आई, हे घेऊ का? देठ बघ केवढा आहे."

"ठेव ते खाली," मी म्हटलं.

एवढ्या जोरात म्हटलं की शेजारची बाई वळून बघायला लागली. शांता बिचारी ओशाळली. मग मीच एक बारीक देठाचं फळ निवडलं. बावीस-तेवीस वर्षं झाली, पण देठ म्हटलं की माझ्या कपाळाची शीर अजून उडते.

मी हेवेखोर बाई आहे. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. माझे वडील नशिराबादला मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, गणित शिकवलं, श्लोक पाठ करून घेतले. पण दुसऱ्याचं चांगलं बघून गप्प कसं बसावं, ते काही त्यांनी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मला आलं असतं असं वाटत नाही.

माझं सासर पारोळ्यापासून दोन कोसांवर. गावाचं नाव राहू द्या, तिथं अजून आमची माणसं नांदताहेत. घरात सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. मी थोरली सून. आणि माझ्यानंतर चार वर्षांनी आली ती धाकटी, केसर. सोनगीरची. तिच्या माहेराहून रुखवतात आलेली तांब्या-पितळेची भांडी ओसरीवर मांडली तेव्हा ओसरी लखलखली, आणि माझ्या रुखवतातली दोन पातेली अक्कांनी हळूच आत नेऊन ठेवली. सुरुवात तिथून झाली म्हणायची.

केसर भांडायची नाही. हाच मोठा त्रास होता. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती गोल चेहऱ्याची, जराशी गबाळी, अंबाडा कायम सुटलेला. दळताना गायची, आणि गाता गाता मधेच विसरून हसायची. तिची भाकरी तव्यावर टाकली की टम्म फुगायची, माझी मेली एका अंगाला फुगून दुसऱ्या अंगाला फुटायची. गाय तिच्या हाताला पान्हा सोडायची, मी गेले की लाथ झाडायची. गाईलासुद्धा कळतं का हो? आणि तीन वर्षांत तिला दोन मुलगे झाले. मला एक शांता झाली, त्यानंतर काही झालं नाही.

आता रोटाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक काढून, नथ घालून, पाटावर मांडतात. रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, दर पुरुषामागे सव्वा मूठ. पाळण्यातला मुलगा असला तरी त्याची सव्वा मूठ निघते. बाईची निघत नाही, मग ती सत्तर वर्षांची असो की सहा. शनिवारी अक्का सूप घेऊन बसायच्या आणि मोठ्यानं नावं घ्यायच्या. नानांची मूठ. आमच्या यांची मूठ. दिराची मूठ. मग केसरच्या पहिल्याची, मग केसरच्या दुसऱ्याची. आणि मग अक्का हात झटकायच्या. तो हात झटकण्याचा आवाज वर्षातून एकदाच यायचा, पण मला तो वर्षभर पुरायचा. शांता एकदा सुपाशी जाऊन उभी राहिली आणि "मनी मूठ?" म्हणाली, माझी मूठ कुठं म्हणून. सगळे हसले. केसर हसली नाही. तिनं शांताला उचलून कडेवर घेतलं आणि बाहेर नेलं, आणि मला त्याचाही राग आला.

सोमवारी कानबाई नदीवर न्यायची. ती पाटासकट डोक्यावर घ्यायचा मान आमच्या भाऊबंदांत थोरल्या घरच्या बाईचा, म्हणजे अक्कांचा. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी अक्कांची कंबर धरली. त्या म्हणाल्या, "आते माले नही झेपाव." सरळ हिशेब होता, मान थोरल्या सुनेकडे यायचा. मी मनात पाट उचलूनसुद्धा पाहिला होता. पण एके दिवशी सकाळी चुलीपाशी होते आणि ओसरीवर अक्का नानांशी हळू आवाजात बोलताना मी ऐकलं.

"मान थोरलीना शे. पन तिले पोऱ्या नही. लोक काय म्हनतीन?"

भाकरी तव्यावर करपली. नाना उठून ओसरीच्या कडेशी आले. मग खाकरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन्ही जनी आखाजीले गंगाफय लावा. जिनं फय मोठं, तिना डोकावर कानबाई. बस, झायं."

नानांनी ही युक्ती माझ्यासाठीच काढली होती, हे मला लगेच कळलं. फळ मोठं आलं की कोणाला पोराचं नाव काढता येणार नाही. आणि केसरचं बागाईतात लक्ष कधी नव्हतंच, ती वावरात गेली की चार कामं अर्धी टाकून यायची. मी जिंकणार हे नानांनी धरूनच ठेवलं होतं. त्याच दुपारी त्यांनी राखेच्या मडक्यातलं सगळ्यात टपोरं बी काढून माझ्या हातावर ठेवलं.

आखाजीचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला खानदेश कळला नाही. माहेरवाशिणी झोक्यावर बसून गात असतात, निंबाची सावली सोडली तर सगळं रान पांढरं पडलेलं असतं, आणि मोटेच्या चाकाचा कुरकुर आवाज दूरवर ऐकू येतो. विहिरीजवळ जिथं मोट रिकामी होते त्या थारोळ्याच्या उजव्या बाजूला माझं आळं, डाव्या बाजूला केसरचं. मी कंबरभर खड्डा घेतला, दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत भरलं. केसरनं हातभर खणलं, बी टाकलं, वर थोडी राख टाकली आणि झोक्यावर जाऊन बसली. त्या ओल्या मातीचा आणि जुन्या खताचा वास मला अजून येतो. खरं सांगायचं तर तो वास मला अत्तरापेक्षा बरा वाटला.

वेल धावायला लागले. हाताएवढी पानं, त्यांची ती टोचरी लव, सकाळी उमललेली पिवळीजर्द फुलं आणि त्यांत भुंगे. नाना रोज काठी टेकत यायचे. वेलाला पाच-सहा फळं धरली तेव्हा त्यांनी मला एकटीला गाठलं. "मोठी, देठ देखी ले. अंगठासारखा जाड देठ व्हई तेच फय ठेव. बाकीना बठ्ठा खुडी टाक. आनि हाई कोनले सांगू नको." नानांचं म्हणणं असं, की फळाला जे काही जातं ते देठातून जातं. दार मोठं तर घरात माल जास्त येणार, इतकं साधं. मला तर ते वडिलांच्या गणितासारखं पटलं. मी सगळ्यांचे देठ चिमटीत धरून पाहिले, सर्वांत जाड होता तो राखला, बाकीची कोवळी फळं खुडली. केसरनंही एकच ठेवलं होतं. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. तिच्या फळाचा देठ करंगळीएवढा! मी तिथं उभ्या उभ्या हसले. त्या आठवड्यात माझ्या भाकऱ्याही फुगल्या.

दोन सुतळ्या केल्या होत्या मी. एक माझ्या फळाची, एक तिच्या. दर आठ दिवसांनी दुपारी सगळे आडवे झाले की जायचं, फळाच्या पोटाला सुतळी लावायची, तिथं गाठ मारायची, आणि सुतळ्या कणगीखाली लपवायच्या. पहिल्या तीन गाठी माझी सुतळी पुढे होती. चौथ्या गाठीला दोन्ही बरोबर आल्या. पाचव्या गाठीला मी सुतळी तीनदा लावून पाहिली. केसरचं बोटभर पुढे होतं.

कसं शक्य आहे? करंगळीएवढ्या देठातून? मी विहिरीवर तिला गाठलं. "तू कितलं पानी टाकस गं?" तर ही बाई म्हणते, "मी मोजत नही, बाई. पानं मान टाकतंस का मंग टाकी देस." मोजत नाही म्हणे! मी सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन हंडे मोजून टाकत होते, खरकटं पाणी टाकत होते, ताकाचं धुवण टाकत होते.

आपल्याकडे कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये म्हणतात. दाखवलं की फळ सडतं. लेकराबाळांना आपण बोट मुडपून दाखवायला शिकवतो. तर मी एका दुपारी गेले, चहूकडे पाहिलं, आणि केसरच्या फळाकडे सरळ बोट केलं. एकदा नाही, तीनदा. पुढून, मागून, आणि मग जवळ बसून अगदी देठाशी. शिकलेली बाई मी, मास्तरांची लेक! दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सडलं का ते बघायला गेले. त्याच्यावर दव पडलं होतं आणि ते मेलं आणखी थोडं फुगलं होतं. जेवण गोड लागेना, झोप लागेना. केसर गायला लागली की कानात बोटं घालावीशी वाटत. आणि ती मला विचारायची, "बाई, तुले बरं नही का?"

याच सुमाराला तिनं मला ते सांगितलं. पाऊस त्या साली बेताचाच होता, पण वेल चांगले पसरले होते. वेलाच्या पेरापेरातून मुळ्या फुटून जमिनीत जातात, हे लावणाऱ्यांना ठाऊक असतं. केसर माझ्या वेलापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, फयजोडेनी मुयं तोडी टाक. येल तठे मोकया ऱ्हाऊ दे. फय वर फुगस ना, मंग देठले ओढ बसस. मना बाप सोनगीरले आसंच करस." बाकीच्या मुळ्यांवर माती घाल, पण फळाजवळच्या तोड, म्हणजे फळ फुगत जाईल तसा वेलही उचलला जाईल. आणि देठ जाड की बारीक याला काही अर्थ नाही, तो लवला पाहिजे, असंही ती म्हणाली.

मी "बरं" म्हटलं. आणि ती वळल्याबरोबर मनात म्हटलं, वा गं शहाणे! माझ्या फळाची मुळं तोडायला सांगतेस? अगदी तोंडाशी आलेल्या फळाची? एवढी मी बावळट वाटले का तुला? त्याच संध्याकाळी मी दोन टोपल्या माती आणली आणि फळाजवळच्या मुळ्यांवर चांगली दाबून बसवली, पायानं तुडवली. एकही मूळ हलता कामा नये. ही माझी चूक, आणि ती मी अडाणीपणानं केली नाही. तिच्या जागी मी असते तर मी खोटंच सांगितलं असतं, म्हणून तीही खोटं सांगतेय असं मी धरलं.

कानबाईला बारा दिवस राहिले असताना सकाळी जाऊन पाहते तो देठाला चीर. जाड, ताठ, मनगटाएवढा झालेला तो देठ फळाच्या खांद्यापाशी अर्धा फाटला होता आणि चिरेतून चिकट पाणी ठिबकत होतं. फळ वर उचललं गेलं होतं, वेल मातीत पक्का गाडलेला, मग देठानं करावं तरी काय. मी आधी आसपास कोणी नाही ना ते पाहिलं. मग शेणमाती कालवली, चिरेत भरली, वरून पातळाचा तुकडा घट्ट बांधला आणि त्यावर पानं ओढून घेतली. कोणी विचारलं तर उंदीर लागू नये म्हणून, असं सांगायचं ठरवलं. कोणी विचारलं नाही. सुतळीला त्यानंतर गाठ पडली नाही.

लोक मला अजून विचारतात, म्हातारी बागाईतातली म्हणून. देठाला महत्त्व आहे की नाही? मी सांगते, नानांचं अगदीच खोटं नव्हतं, माझं फळ सुरुवातीला भराभर भरलं ते जाड देठामुळेच. पण पुढे देठ लवला पाहिजे, हे केसरचं म्हणणं. हे सांगताना मी "केसरचं" हा शब्द गाळते. माझंच म्हणून सांगते.

शुक्रवार आला. शनिवारी नाना दोर लावून फळं मोजणार होते. दुपारची वेळ, वावरात कोणी नव्हतं. मी केसरच्या वेलापाशी गेले. आज सुतळी नव्हती बरोबर. देठ नसलेलं फळ कानबाईला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. माझं तर गेलंच होतं, तिचंही जाऊ दे. मग उरला थोरलेपणाचा मान, तो माझा. इतका साधा विचार होता. मी तो करंगळीएवढा देठ, आता अंगठ्याएवढा झाला होता, दोन्ही हातांनी धरला आणि पिरगाळला. तुटेना. इकडून पिरगाळला, तिकडून पिरगाळला, तो ओल्या दोरासारखा नुसता वळायचा आणि परत सरळ व्हायचा. तळहातांना त्याची लव टोचून आग होत होती. माझा तो जाडजूड, हात न लावता फाटला, आणि हिचा हा बारकुळा तुटता तुटेना! माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रडू आलं म्हणून नव्हे, संतापानं.

"हातथीन तुटाव नही ते."

केसर मागं उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात इळा. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी हात सोडले नाहीत, सोडायचं सुचलंच नाही. तोंडातून निघालं, "आळी देखी राहिंतू." अळी बघत होते म्हणे! तिनं वाकून इळा माझ्या गुडघ्यापाशी ठेवला, अगदी हळू, जसं कोणी जेवणाऱ्यापुढं मीठ ठेवावं. आणि म्हणाली, "तोडनं व्हई ते इळा ले, बाई. हात कसाले सोलस?" तेवढं बोलून ती भारा सावरत पायवाटेनं घराकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मी इळा उचलला. देठाला लावलाही. एक फटका पुरला असता. पण मला ते करता येईना. दया आली, देवाचं भय वाटलं, असं काही सांगणार नाही, तसं काही वाटलं नव्हतं. चोरून करायचं काम होतं ते, आणि तिनं हत्यार हातात देऊन त्यातली चोरीच काढून घेतली होती. मी इळा धुतला, घरी आणून दाराच्या खुंटीला अडकवला. संध्याकाळी आम्ही दोघींनी एका जात्यावर समोरासमोर बसून भाकरीची ज्वारी दळली. ती गायली नाही. मीच काहीतरी बोलत होते, खूप बोलत होते.

शनिवारी गाडीतून दोन्ही फळं अंगणात आली. केसरचं उतरवायला दोन पुरुष लागले. नानांनी दोर लावला, वीतभर मोठं. मग ते माझ्या फळाशी वाकले, चिंधी सोडली, आणि देठ त्यांच्या हातात आला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. देठ मुठीत झाकून घेतला आणि इतरांना म्हणाले, "थोरलीनं फयबी चांगलं शे." रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी केसरच्या फळाला पहिली चीर दिरानं दिली, कारण अखंड गंगाफळ बाईनं फोडायचं नसतं. लावायचं बाईनं, पाणी घालायचं बाईनं, फोडायचं मात्र पुरुषानं. फळ उघडलं तेव्हा आत केशरी रंग असा काही निघाला की सगळ्यांच्या तोंडून "आहा" आलं. मी मान वळवून लसूण सोलत बसले. भाजी करायचं काम माझ्याचकडे, थोरली ना मी. फोडी तेलात पडल्या, चर्र झालं, मिरचीचा ठसका उठला, आणि चव बघायला मी एक फोड तोंडात टाकली. मेलं गोडही होतं.

यंदा शांताच्या घरी ही भाजी केली तेव्हा ती सगळी सकाळ परत नाकात शिरली. यंदा रोटाचे गहू रेशनचे, काळपट, खडे निवडता निवडता जीव गेला. लढाई संपून वर्ष झालं तरी गव्हाची चणचण काही संपत नाही. शांतानं मुठी मोजताना शेवटी आपल्या मुलीच्या नावानं एक मूठ घातली. जावई बघत होते. मी चुलीकडे तोंड केलं. खूप बरं वाटलं, आणि त्याच क्षणी, बघा माझा स्वभाव, मनात आलं की माझ्या वेळी हे कोणी का नाही केलं. स्वतःच्या लेकीचाही हेवा करणारी बाई मी!

त्या वर्षानंतर फळांची चुरस परत झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले, भाऊ वेगळे निघाले, कानबाई दोन घरी बसू लागली. केसर अजून आहे. गुडघे गेलेत, अंबाडा तसाच सुटलेला. भेटलो की आम्ही खूप बोलतो, पिकापाण्याचं, नातवंडांचं. एक गोष्ट सोडून सगळं बोलतो. ती काढायची म्हणून मी कितीदा तरी जीभ उचलली आणि मग पाऊस कसा आहे तेच विचारलं.

ती गोष्ट सोमवारची. सकाळीच अंगणात बाया जमल्या होत्या. कानबाईची नथ नीट केली होती, पाटाभोवती फुलं लावली होती, पोरी फुगड्या घालत होत्या. केसरच्या अंगावर तिचं हिरवं लुगडं. अक्कांनी हाक मारली, "धाकली, ये. कानबाई ले." केसर उंबऱ्यातून बाहेर आली, दोन पावलं टाकली, आणि थांबली. म्हणाली, "अक्का, माले आते शिवू नका." आणि बायांपासून लांब सरून गोठ्याच्या पडवीकडे गेली, कांबळं टाकून कोपऱ्यात बसली. बायांत चुकचुक झाली. ऐन वेळी, अरेरे! अक्कांनी क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मोठी, तू ले डोकावर. कानबाई वाट देखी राहिनी."

एका चुलीवर नांदणाऱ्या जावांना एकमेकींचे दिवस तोंडपाठ असतात. केसर कोपऱ्यातून उठून न्हाली होती त्याला पुरते दहा दिवसही झाले नव्हते. तिचं पाणी मीच तापवून दिलं होतं. हे अक्कांना आठवलं नसेल, बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. त्या अंगणात खरं काय ते फक्त दोघींना माहीत होतं, आणि एक जण कांबळ्यावर बसली होती. आता चार दिवस ती वेगळ्या ताटात जेवणार, स्वतःच्या पोरांना शिवणार नाही, आणि स्वतःच्याच गंगाफळाची उरलेली भाजी कोणीतरी तिला लांबून वाढणार.

मला बोलता आलं असतं. "अक्का, ती खोटं बोलते" एवढंच म्हणायचं होतं. मला ते सुचलं, शब्दन्शब्द सुचला. आणि मी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पुढे झाले.

पाट डोक्यावर आला. वाटलं होतं त्यापेक्षा हलका होता. बायांनी गाणं धरलं, पुढे डफ वाजू लागला, आणि मिरवणूक अंगणातून निघाली ती गोठ्यावरून. पडवीत केसर गुडघे जवळ घेऊन बसली होती. आम्ही समोर आलो तशी ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले.

ते हात कानबाईला जोडले होते. मला कळत होतं. तरी त्या वाटेवर चार पावलं मी ते माझ्याच नावावर घेतले, आणि मान आणखी ताठ केली.